वाचकांचे प्रश्न : रुग्ण तपासणारा नेत्रसंशोधक

डोळ्यांचे रुग्ण तपासत असतानाच त्याच आजारांवर प्रयोगशाळेत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या व्यवसायाविषयी आलेल्या पत्रांतून काही प्रश्न येथे घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी वैद्यकीय शिक्षणाच्या शेवटच्या वर्षात आहे. नेत्रचिकित्सा आणि संशोधन या दोन्हींची मला ओढ आहे. दोन्ही खरोखरच करता येते, की पुढे एक सोडावेच लागते? आणि संशोधनच करायचे तर त्यासाठी डोळाच का निवडावा?

उत्तर : दोन्ही करता येते, मात्र दोन पूर्ण वेळाच्या नोकऱ्या म्हणून नव्हे. अशा डॉक्टरांचा आठवडा साधारणपणे असा असतो : एखादा दिवस बाह्यरुग्ण तपासणी, एखादा अर्धा दिवस शस्त्रक्रिया आणि उरलेला बहुतेक वेळ प्रयोगशाळा, विद्यार्थी, शोधनिबंध व अनुदानाचे अर्ज. तपासणीतही डोळ्याचा प्रत्येक आजार ते पाहत नाहीत. कोणी फक्त आनुवंशिक आजारांनी डोळ्याचा आतला पडदा (रेटिना) खराब झालेले रुग्ण पाहतो, कोणी फक्त काचबिंदूचे, तर कोणी डोळ्याच्या आतल्या दाहाचे. बाहेरून पाहणाऱ्याला हे क्षेत्र फार अरुंद वाटते, परंतु हा अरुंदपणा जाणूनबुजून पत्करलेला असतो, कारण सकाळी तपासणीत दिसलेला प्रश्न आणि दुपारी प्रयोगशाळेत हाताळलेला प्रश्न एकच असेल तरच ही दुहेरी वाट चालण्यात अर्थ राहतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया करायच्या आणि संशोधन मात्र भलत्याच रेणूवर करायचे, अशी विभागणी केलेले लोक काही वर्षांत दोहोंपैकी एक सोडून देताना दिसतात.

थिओडोर ड्रायजा यांचे उदाहरण पाहा. ते नेत्रतज्ज्ञ, शिवाय डोळ्याच्या विकृतिशास्त्राचे जाणकार. लहान मुलांच्या पडद्यावर होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगाच्या गाठींचा अभ्यास त्यांनी हाती घेतला आणि स्टीफन फ्रेंड व रॉबर्ट वाइनबर्ग यांच्यासह १९८६ मध्ये या कर्करोगाशी संबंधित जनुक वेगळे काढले. गाठींना आवर घालणाऱ्या जनुकांपैकी हाती लागलेले हे पहिलेच. पुढे १९९० मध्ये त्यांच्याच गटाने रेटिनायटिस पिगमेंटोसा (पडदा हळूहळू निकामी करणारा आनुवंशिक आजार) असलेल्या कुटुंबांत ऱ्होडॉप्सिन या प्रकाशसंवेदी प्रथिनाच्या जनुकातील दोष दाखवून दिला. दोन्ही वेळा कामाची सुरुवात रुग्णांपासून आणि त्यांच्या ऊतींपासून झाली होती.

आता डोळाच का, याविषयी. शरीर न उघडता जिवंत माणसाच्या रक्तवाहिन्या आणि मेंदूकडे जाणारी नस थेट पाहता येईल अशी जागा डोळ्याखेरीज दुसरी नाही. हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये डोळ्याचा तळ पाहण्याचे उपकरण जगापुढे ठेवले तेव्हाच नेत्रवैद्यकाला ही देणगी मिळाली. १९९१ मध्ये ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, म्हणजे रोजच्या बोलण्यातली ओसीटी, आली आणि पडद्याचे थर मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, हिशेबात मोजता येऊ लागले. शिवाय डोळा आकाराने लहान आणि बंदिस्त आहे, त्यामुळे औषध अत्यल्प मात्रेत पुरते व उरलेल्या शरीरात फारसे पसरत नाही. बाहेरच्या पेशींना किंवा विषाणूंना डोळ्याच्या आतला भाग शरीराच्या इतर भागांइतका तीव्र प्रतिकार करत नाही. जनुकोपचार आणि पेशींचे प्रत्यारोपण यांचे काही महत्त्वाचे प्रयोग डोळ्यात लवकर झाले, त्यामागे ही कारणे आहेत.

डोळे दोन असतात, ही आणखी एक सोय. मधुमेहामुळे खराब होणाऱ्या पडद्यावर लेझरचा उपयोग होतो का, हे तपासणाऱ्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात १,७०० हून अधिक रुग्णांच्या एका डोळ्यावर उपचार झाले आणि दुसरा डोळा तुलनेसाठी ठेवला गेला. उपचार केलेल्या डोळ्यांत दृष्टी गंभीरपणे जाण्याचे प्रमाण निम्म्याहून कमी झाल्याचे १९७६ मध्ये स्पष्ट झाले, तेव्हा दुसऱ्या डोळ्यावरही उपचार करण्याची मुभा देण्यात आली. या सोयीत एक खाचखळगाही आहे. एकाच माणसाचे दोन डोळे म्हणजे दोन रुग्ण नव्हेत, कारण वय, साखर, रक्तदाब आणि जनुके दोन्हींना समान असतात. शंभर डोळे मोजून शंभर रुग्णांचा निष्कर्ष काढणारे निबंध आजही छापले जातात. तुम्ही या वाटेला लागलात तर संख्याशास्त्र परीक्षेपुरते शिकू नका.

आणि आधीच माहीत असलेली बरी अशी एक मर्यादा : उंदराच्या पडद्यात मॅक्युला नसतो. वाचण्यासाठी आणि चेहरे ओळखण्यासाठी माणूस पडद्याचा जो मध्यभाग वापरतो तोच भाग संशोधनातल्या सर्वांत सोयीच्या प्राण्याला नाही. म्हणूनच मॅक्युलाच्या आजारांवर काम करणाऱ्याला मृत्यूनंतर दान केलेल्या डोळ्यांवर, प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींवर आणि शेवटी रुग्णांच्या बारकाईने ठेवलेल्या नोंदींवर अवलंबून राहावे लागते. रुग्ण तपासणाऱ्या संशोधकाची गरज येथे सर्वांत जास्त भासते.

प्रश्न : यासाठी पीएचडी अनिवार्य आहे का? किती वर्षे लागतात?

उत्तर : अनिवार्य नाही. अमेरिकेत १९६४ पासून वैद्यकीय पदवी आणि पीएचडी एकत्र देणारे शासकीय अनुदानित अभ्यासक्रम चालतात. त्यांना साधारण आठ वर्षे लागतात. त्यानंतर नेत्रचिकित्सेचे सुमारे चार वर्षांचे प्रशिक्षण आणि उपशाखेची एक-दोन वर्षे जमेस धरली की स्वतःची प्रयोगशाळा उभी राहीपर्यंत वयाची चाळिशी जवळ येते. अनेक देशांत मात्र डॉक्टर आधी नेत्रतज्ज्ञ होतात आणि मग पीएचडीसाठी काही वर्षांची रजा घेतात. पीएचडी न करता वैद्यकीय चाचण्यांचे शास्त्र आणि साथरोगशास्त्र शिकून उत्तम संशोधन करणारेही पुष्कळ आहेत. माझ्या मते पदवीपेक्षा महत्त्वाची आहेत ती एका चांगल्या मार्गदर्शकाच्या हाताखाली घालवलेली सलग दोन-तीन वर्षे, ज्या काळात रुग्णसेवेची जबाबदारी जवळजवळ नसते आणि फसलेल्या प्रयोगाचे कारण शोधण्याची सवय अंगी मुरते. ओसीटीवरील १९९१ च्या मूळ शोधनिबंधाचे पहिले लेखक डेव्हिड हुआंग हे तेव्हा असेच दोन्ही पदव्यांसाठी शिकणारे विद्यार्थी होते. पुढे ते नेत्रतज्ज्ञ झाले.

प्रश्न : मी बरीच वर्षे नेत्रचिकित्सा करत आहे. रोज इतके रुग्ण पाहून जो अनुभव येतो, तो संशोधनापेक्षा कमी का मानावा? अनुभवी डॉक्टरला प्रयोगाशिवायही बरेच कळते.

उत्तर : कळते, यात वाद नाही. नवा प्रश्न बहुतेक वेळा अनुभवी डोळ्यालाच दिसतो. परंतु त्या प्रश्नाचे उत्तरही अनुभवानेच मिळेल असे धरून चालल्यामुळे काय घडू शकते, याचा सर्वांत दुःखद दाखला आपल्याच शाखेत आहे.

१९४० च्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये अंधत्वाचा एक नवाच प्रकार दिसू लागला. १९४२ मध्ये बोस्टनचे नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी त्याचे वर्णन केले. भिंगामागे पांढरा थर धरे आणि बाळाची दृष्टी कायमची जाई. चमत्कारिक गोष्ट अशी की जिथे सोयी उत्तम होत्या त्या रुग्णालयांत हा आजार अधिक होता. व्हिटॅमिन, लोह, प्रकाश अशा अनेक कारणांवर संशय घेतला गेला, अनेक उपचार वापरले गेले आणि त्यांतले काही उपयोगी असल्याची ग्वाही अनुभवी डॉक्टर देतही होते, कारण हा विकार पुष्कळ बाळांमध्ये आपोआपच ओसरतो.

बाळांना मुक्तहस्ते दिला जाणारा प्राणवायूच याच्या मुळाशी असावा, अशी शंका १९५१ मध्ये मेलबर्नच्या बालरोगतज्ज्ञ केट कॅम्पबेल यांनी मांडली. वॉशिंग्टनमध्ये आर्नल पॅट्झ हे तरुण नेत्रतज्ज्ञ तेव्हा हेच तपासत होते. त्यांनी बाळांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीप्रमाणे भरपूर प्राणवायू, दुसऱ्याला केवळ गरजेपुरता. यासाठी मागितलेले शासकीय अनुदान सुरुवातीला नाकारले गेले, कारण बाळाचा प्राणवायू कमी करणे हेच अनैतिक मानले जात होते. पॅट्झ यांनी भावाकडून पैसे उसने घेतले. कमी प्राणवायूच्या गटातील बाळे दगावतील या भीतीने काही परिचारिका रात्री गुपचूप त्यांचा प्राणवायू वाढवत असत. त्यांना दोष देता येणार नाही, कारण त्या मायेनेच वागत होत्या. पुढे अमेरिकेतील १८ रुग्णालयांनी एकत्र येऊन चाचणी केली, आणि तिचे निष्कर्ष १९५४ मध्ये जाहीर झाल्यावर शंकेला जागा उरली नाही. तोवर जगभरात सुमारे १०,००० बाळे आंधळी झाली होती असा अंदाज आहे. १९५६ चा लॅस्कर पुरस्कार, म्हणजे अमेरिकेतील वैद्यकसंशोधनाचा एक मोठा मान, पॅट्झ यांना या चाचणीचे समन्वयक एव्हरेट किन्झी यांच्यासह मिळाला.

ही गोष्ट येथे संपली असती तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर सोपे झाले असते. प्राणवायू घातक ठरताच तो इतका आखडता घेतला गेला की अंधत्व घटले, पण श्वसनाच्या त्रासाने दगावणारी बाळे वाढली. योग्य मात्रा कोणती, या प्रश्नाचा शोध आणखी कित्येक दशके चालला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ८५ ते ८९ टक्के ठेवलेल्या बाळांमध्ये ९१ ते ९५ टक्के ठेवलेल्यांपेक्षा पडद्याचा गंभीर विकार कमी आढळला, परंतु मृत्यू अधिक झाले. नेत्रतज्ज्ञ केवळ डोळा पाहत बसला असता तर कमी प्राणवायूलाच त्याने यश म्हटले असते. एका डॉक्टरला आयुष्यभरात दिसणाऱ्या रुग्णांवरून असा फरक ओळखता येत नाही. तुलनेचा गट मुद्दाम बांधावा लागतो.

तेव्हा तुमच्या अनुभवाला कमी लेखू नका. त्यातून निघणारे प्रश्न लिहून ठेवा आणि ते सोडवण्याची साधने ज्यांच्याकडे आहेत अशा कोणाबरोबर तरी काम सुरू करा. त्यासाठी चिकित्सा सोडण्याची गरज नाही.

प्रश्न : शोध लागल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येतात, औषध मात्र रुग्णापर्यंत पोहोचत नाही. हा संशोधकांचा संथपणा नव्हे काय?

उत्तर : काही वेळा असतोही. पण बहुधा मधल्या एखाद्या पायरीला लागणारे साधनच तेव्हा जगात नसते. रक्तपुरवठा कमी पडलेला पडदा एखादा पसरणारा पदार्थ सोडत असावा आणि त्यामुळे तेथे नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या फुटत असाव्यात, असा तर्क नेत्रतज्ज्ञ आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ मध्ये केला. तो पदार्थ हाती यायला चार दशके गेली, कारण इतक्या कमी प्रमाणातील प्रथिन वेगळे काढून ओळखण्याचे तंत्रच नव्हते. १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा यांच्या गटाने व्हीईजीएफ हे रक्तवाहिन्यांच्या वाढीला चालना देणारे प्रथिन वेगळे काढले. मायकेलसन यांचा पदार्थ तोच का, हे ठरवायला पुन्हा रुग्णाच्या डोळ्यापाशी यावे लागले. शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्यातून मिळणारा द्रव लॉइड एइलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमवला आणि ज्यांच्या पडद्यावर नव्या वाहिन्या वाढत होत्या त्यांच्या डोळ्यांत हे प्रथिन जास्त असल्याचे १९९४ मध्ये दाखवले. शस्त्रक्रियागृहात एरवी फेकून दिला जाणारा तो द्रव सांभाळून ठेवावा, हे सुचण्यासाठी तेथे संशोधकाचे मन असलेला शल्यचिकित्सक हजर असावा लागतो.

त्यानंतरचा वेग पाहा. व्हीईजीएफला रोखणारे बेव्हॅसिझुमॅब २००४ मध्ये आतड्याच्या कर्करोगासाठी मान्य झाले, तर २००५ मध्ये फिलिप रोझेनफेल्ड यांनी त्याची अगदी थोडी मात्रा डोळ्यात देऊन पाहिली. डोळ्यासाठीच तयार केलेले रॅनिबिझुमॅब २००६ मध्ये आले. वयोमानानुसार होणाऱ्या मॅक्युलाच्या ओल्या प्रकारच्या (नव्या रक्तवाहिन्या फुटून होणाऱ्या) झिजेत तोवर दृष्टी जाण्याची गती कमी करणे एवढेच बहुधा शक्य होते. रॅनिबिझुमॅबच्या प्रमुख चाचणीत एका वर्षाने सुमारे ९५ टक्के रुग्णांची दृष्टी टिकली, म्हणजे तक्त्यावरील १५ अक्षरांइतकी घटली नाही. औषधाविना ठेवलेल्या गटात हे प्रमाण सुमारे ६२ टक्के होते. बऱ्याच जणांची दृष्टी तर सुधारली. दोन औषधांत सरस कोणते, हा प्रश्न कोणत्याही उत्पादकाला सोयीचा नव्हता. तो सार्वजनिक निधीतून तपासला गेला, आणि दृष्टीच्या बाबतीत दोन्ही तुल्यबळ असल्याचे २०११ मध्ये समजले.

याउलट याच आजाराच्या कोरड्या प्रकाराचे पाहा. त्याच्याशी निगडित असलेला प्रतिकारसंस्थेच्या एका जनुकातील फरक २००५ मध्ये सापडला. त्या जनुकाशी जोडलेल्या प्रतिकारप्रथिनांच्या साखळीवर काम करणारे पहिले औषध २०२३ मध्ये मान्य झाले. ते झीज पसरण्याचा वेग कमी करते, पण रुग्णाला अधिक चांगले दिसू लागल्याचे त्या चाचण्यांत दिसले नाही. छायाचित्रातली सुधारणा आणि रुग्णाला जाणवणारी सुधारणा यांतले हे अंतर नेत्रसंशोधनात वारंवार भेटते. तेव्हा बातमी वाचताना नेमके काय मोजले होते, तेवढे पाहत चला.

प्रश्न : मी नुकतीच एका शिक्षण रुग्णालयात रुजू झाले आहे. नेमणुकीच्या वेळी संशोधनासाठी वेळ देऊ असे सांगितले होते, पण रुग्णांच्या गर्दीत तो उरतच नाही. काय करावे?

उत्तर : ही तक्रार जुनी आहे. चिकित्सक-संशोधक ही नामशेष होऊ घातलेली प्रजाती आहे, असा इशारा अमेरिकी वैद्यकतज्ज्ञ जेम्स विनगार्डन यांनी १९७९ मध्येच दिला होता. संशोधनासाठी राखून ठेवलेला वेळ तोंडी आश्वासनावर कधीच टिकत नाही. अमेरिकेतील नवोदित चिकित्सक-संशोधकांना दिल्या जाणाऱ्या शासकीय अनुदानांत साधारणपणे ७५ टक्के वेळ संशोधनाला देण्याची अट संस्थेवरच घातलेली असते (शल्यचिकित्सकांना त्यात काही सवलत मिळते), आणि मला त्या पैशापेक्षा ती अटच अधिक मोलाची वाटते. तुमच्या नेमणूकपत्रात आठवड्यातील दिवस आणि तास लिहिलेले नसतील तर ते लिहून घ्या. त्या दिवशी तुमच्या जागी तपासणी कोण करील, हेही त्यात असू द्या, कारण सहकाऱ्यांवर भार टाकून मिळवलेला वेळ लवकरच काढून घेतला जातो.

ते जमेपर्यंत तपासणीतूनच उभा राहील असा एखादा अभ्यास निवडा : एकाच आजाराचे रुग्ण, प्रत्येक भेटीत त्याच पद्धतीने घेतलेले मोजमाप आणि नैतिकता समितीची आधीच घेतलेली परवानगी. तीन वर्षांनी हीच नोंदवही तुमच्या पहिल्या मोठ्या अर्जाचा पाया ठरेल. एकटीने सगळे करण्याचा हट्ट मात्र धरू नका. आनुवंशिक अंधत्वावरील पहिल्या मान्य जनुकोपचाराच्या मागे जीन बेनेट आणि अल्बर्ट मॅग्वायर हे दांपत्य होते. त्यांत बेनेट यांचा भर प्रयोगशाळेतील रेण्वीय कामावर होता, तर मॅग्वायर पडद्याचे शल्यचिकित्सक. श्वानांवरील यश २००१ मध्ये प्रसिद्ध झाले, माणसांवरील पहिले निष्कर्ष २००८ मध्ये आणि मान्यता मिळाली २०१७ च्या डिसेंबरात. इतका दीर्घ पल्ला दोन कौशल्ये दोन माणसांत वाटून गाठला गेला. तुमच्या संस्थेत असा जोडीदार मिळत असेल, तर रिकाम्या प्रयोगशाळेच्या चाव्यांपेक्षा त्याला अधिक महत्त्व द्या.

प्रश्न : माझ्या वडिलांना रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. त्यांचे डॉक्टर संशोधकही आहेत आणि त्यांनी एका चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारले आहे. ते सल्ला डॉक्टर म्हणून देत आहेत की संशोधक म्हणून, हे कसे ओळखावे?

उत्तर : त्यांना हे सरळ विचारा. चांगला चिकित्सक-संशोधक या प्रश्नाने दुखावत नाही. उलट अनेक जण संमतिपत्राची चर्चा स्वतः न करता उपचारांशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याकडे सोपवतात, कारण वर्षानुवर्षे आपल्याला सांभाळणाऱ्या डॉक्टरला नाही म्हणणे रुग्णाला जड जाते, याची त्यांना जाणीव असते.

पहिल्या टप्प्यातील चाचणी मुख्यतः सुरक्षितता पाहण्यासाठी असते, म्हणून वडिलांना फायदा होईलच असे धरून सहभागी होऊ नये. डॉक्टरांनी तसे सूचित केले असेल तर ती चिंतेची बाब समजा. वडिलांची जनुकीय तपासणी झाली आहे का, हेही पाहा. हा आजार डझनावारी निरनिराळ्या जनुकांतील दोषांमुळे होतो आणि वर उल्लेखलेला जनुकोपचार त्यांपैकी आरपीई६५ या एकाच जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असणाऱ्यांसाठी आहे. काही उपचार मात्र जनुक कोणतेही असले तरी चालतील अशा बेताने आखले जात आहेत. २०२१ मध्ये होजे-अलाँ साहेल आणि सहकाऱ्यांनी ५८ वर्षांच्या एका अंध रुग्णाच्या पडद्यातील पेशींना प्रकाशसंवेदी प्रथिन पुरवले, तेव्हा खास चष्मा लावल्यावर त्याला समोरच्या टेबलावरील वस्तू ओळखून त्यांपर्यंत हात नेता आला. चेहरे ओळखण्याइतकी ती दृष्टी नव्हती.

खऱ्या चाचणीची ओळख पटवणाऱ्या काही खुणा आहेत. सहभागासाठी रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत, आणि नवा प्रायोगिक उपचार सहसा दोन्ही डोळ्यांवर एकाच वेळी केला जात नाही. २०१४ मध्ये जपानमध्ये मासायो ताकाहाशी यांच्या गटाने पुनर्घडित मूलपेशींपासून (प्रौढ पेशींना पुन्हा मूलपेशींसारखे बनवून मिळवलेल्या पेशींपासून) तयार केलेला पेशींचा थर प्रथमच एका रुग्णाच्या एका डोळ्यात बसवला. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल आढळताच त्यांनी पुढचे प्रत्यारोपण थांबवले. याच्या अगदी उलट प्रकार २०१७ मध्ये अमेरिकेतून नोंदवला गेला. पोटाच्या चरबीतून काढलेल्या मूलपेशींची इंजेक्शने दोन्ही डोळ्यांत एकाच वेळी दिल्यानंतर तीन स्त्रियांची उरलीसुरली दृष्टी गेली किंवा अत्यंत घटली. त्यासाठी त्यांच्याकडून पैसेही घेतले गेले होते.

आणखी एक गोष्ट विचारायची राहून जाते. आज जनुकोपचार घेतला तर उद्याच्या अधिक चांगल्या चाचणीसाठी वडील अपात्र ठरतील का? अनेक चाचण्यांत तशी अट असते, आणि वडिलांच्या डोळ्यांत अजून बरीच दृष्टी शिल्लक असेल तर थांबण्याचा पर्यायही तितकाच विचारात घ्यायला हवा. नकार दिल्यास नेहमीचे उपचार पूर्ववत चालू राहतील, आणि सहभागी झाल्यावरही कारण न सांगता कधीही बाहेर पडता येईल, ही दोन्ही वाक्ये संमतिपत्रात स्पष्ट असली पाहिजेत. ती वडिलांना मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, कारण त्यांना ती स्वतः वाचता येत नसण्याची शक्यता आहे. सही मात्र त्याच दिवशी करू नका. कागद घरी आणून शांतपणे विचार करण्याचा हक्क त्यांना आहे.